कळा सुरू होण्याआधी घरात ठरवून ठेवायच्या गोष्टी

आठवा महिना लागला की घरात टोपरी, दुपटी, लंगोट यांची गाठोडी बांधली जातात, डिंकाच्या लाडवांचा हिशेब होतो. ते सगळं व्हायलाच पाहिजे. पण रात्री दोनला कळा आल्या तर गाडी कुणाची, फोन कोण करणार, दवाखान्यात कागदावर सही कोण करणार, असं विचारलं की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. सासूबाई म्हणतात, "आमची आठ-आठ घरातच झाली की!" झाली असतील. पण त्या आठांच्या वेळी शेजारच्या घरातली कोण गेली, ते नाव कुणी घेत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, पावसाच्या तालुक्यांत, आधी एएनएम (उपकेंद्रातली नर्स) आणि नंतर एलएचव्ही (अशा नर्सवर देखरेख करणारी) म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. आमच्या कामात एक काम कुणालाच नको वाटायचं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत बाई गेली की तिच्या घरी जाऊन माहिती भरून घ्यायची. दुखात असलेल्या माणसांना प्रश्न विचारायचे. कळा कधी सुरू झाल्या, घर किती वाजता सोडलं, पहिल्या दवाखान्यात कधी पोहोचलात, तिथून पुढं कधी पाठवलं, डॉक्टरांनी किती वाजता बघितलं. आजाराचं नाव एका ओळीत मावायचं. घड्याळाचे आकडेच सगळ्यात जास्त भरावे लागायचे.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली हीच गोष्ट तीन उशिरांत मांडली: घरात निर्णय घ्यायला उशीर, वाटेत उशीर आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचाराला उशीर. जगभरातले आरोग्य कर्मचारी आजही याच तीन खणांत विचार करतात. २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, आणि त्यातल्या दहात नऊपेक्षा जास्त गरीब आणि त्याहून थोड्या बऱ्या देशांतल्या. आपल्याकडं २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागं देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. महाराष्ट्राचा आकडा चांगला आहे, पण तो पुण्या-मुंबईसकट काढलेला आहे. वाड्यावस्तीवरच्या बाईला सरासरीचा उपयोग नाही. तिला रस्ता लागतो.

किती वेळ हातात असतो, याचा एक अंदाज आम्हाला प्रशिक्षणात शिकवायचे. काहीच उपचार मिळाले नाहीत तर बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात साधारण दोन तास, बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात बारा तास, बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांच्या आजारात दोन दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस, जंतुसंसर्गात सहा दिवस. पहिला आकडा पुन्हा वाचा. पुढचं सगळं त्या दोन तासांच्या हिशेबानं लिहिलं आहे.

दवाखाना ठरवताना काय विचारायचं

इमारत बघून दवाखाना ठरवू नका. सातव्या महिन्यातच तिथल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना सरळ विचारा: इथं सिझर होतं का? रात्री होतं का? भूल देणारे डॉक्टर इथलेच आहेत की बोलवावे लागतात? रक्त इथं साठवलेलं असतं का, की आणावं लागतं? विचारायला संकोच वाटतो, पण चांगली सिस्टर या प्रश्नांवर कधी चिडत नाही. "दिवसा होतं, रात्री कोल्हापूरला पाठवतो" असं उत्तर मिळालं तरी ते सोन्यासारखं आहे. रात्री कळा आल्या तर कुठं जायचं, ते तुम्हाला दिवसाउजेडी कळलं.

साधं बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात चांगलं होतं, त्यात कमीपणा काही नाही. पण आधी सिझर झालेली, जुळी, बाळ आडवं किंवा पायाळू, मागच्या वेळी जास्त रक्त गेलेली, बीपी वाढलेली, रक्त फार कमी असलेली, अशी बाई असेल तर पहिल्यापासूनच ऑपरेशन आणि रक्त दोन्ही एका छताखाली असलेलं ठिकाण धरा. आपल्याकडं म्हणजे सीपीआर (कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा तशी सोय असलेलं दुसरं रुग्णालय. गडहिंग्लज भागातल्या लोकांना उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. चंदगडच्या बऱ्याच गावांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं. तिकडं नेणार असाल तर दिवस भरण्याआधी एकदा तिथं दाखवून केसपेपर काढून ठेवा. अनोळखी दवाखान्यात पहिला अर्धा तास बाईची माहिती सांगण्यातच जातो.

कार्ड वाचायला शिका

माता व बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली असतं. ते बाहेर काढा. नवऱ्यानं तर नक्कीच वाचावं. सगळं नाही कळलं तरी तीन रकाने बघा.

पहिला हिमोग्लोबिनचा. ११ च्या वर असेल तर ठीक. ७ च्या खाली म्हणजे रक्त फारच कमी. अशा बाईला बाळंतपणात थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. दुसरी जेवढं रक्त गेल्यावर नुसती थकते, तेवढ्यात हिचा जीव धोक्यात येतो. मधला आकडा असेल तर डॉक्टर गोळ्या दुप्पट करतात किंवा सलाईनमधून लोह देतात, पण त्याला आठवडे लागतात, म्हणून नवव्या महिन्यात जागं होऊन भागत नाही. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात किमान १८० घ्यायच्या असतात. शौचाला काळी होते, मळमळतं, म्हणून बायका त्या गुपचूप टाकून देतात. उशीखाली, देवळीत, अगदी शेणाच्या खड्ड्यात टाकलेल्या गोळ्या मी बघितल्या आहेत. ओरडू नका. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, चहाबरोबर देऊ नका, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी द्या.

दुसरा रकाना बीपीचा. १४०/९० किंवा वर गेलं की त्या तपासणीनंतर घरी जाऊन "बघू पुढच्या महिन्यात" असं चालत नाही. पाय सुजणं पुष्कळ जणींना होतं. पण तोंड सुजलं, डोकं ठणकतंय आणि गोळीनं थांबत नाही, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या खाली दुखतं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. पित्त झालं असेल म्हणून लिंबूसरबत पाजत बसलेली घरं मी बघितली आहेत.

तिसरा रकाना रक्तगटाचा. गट निगेटिव्ह असेल तर तसा गट असलेले दोघे-तिघे नातेवाईक किंवा तरुण मंडळातली पोरं आधी हेरून ठेवा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन लागतं, त्याची आठवण तुम्हीच करून द्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते, २०१६ पासून. त्या दिवशी गर्दी असते, पण डॉक्टर भेटतात. एकदा तरी त्या दिवशी जाच.

गाडी आणि पाऊस

१०८ ला फोन केला की डॉक्टर असलेली रुग्णवाहिका येते, १०२ ही गरोदर माता आणि बाळासाठीची गाडी. दोन्ही फुकट. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बरेचसे हात आपोआप खिशात जातात.

पण फुकट गाडी वेळेवर येईलच असं नाही. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन कोल्हापूरला गेलेली असू शकते. म्हणून गावातल्या दोन गाड्यांचे मालक आधी बोलून ठेवा. एक नाही, दोन. एकाच्या गाडीला रात्री डिझेल नसतं किंवा मालक तालमीच्या मंडळाबरोबर जत्रेला गेलेला असतो. घरात दोन-तीन हजार रुपये वेगळे ठेवा आणि ते कुठं ठेवलेत हे बाईला स्वतःला माहीत असू द्या. निर्णय घेणारा पुरुष मुंबईला किंवा गोव्याला कामाला असेल, तर तो फोनवर सापडेपर्यंत थांबायचं नाही, असं त्यालाच आधी चारचौघांत कबूल करायला लावा. ही गोष्ट छोटी वाटते. मी भरलेल्या फॉर्मांत "नवऱ्याला विचारून सांगतो" यात गेलेला वेळ खूप होता.

रस्ता नसलेल्या धनगरवाड्यावर राहत असाल तर डांबरी रस्त्यापर्यंत डोलीनं किंवा खाटेवरून आणायला चार धट्टी माणसं लागतात. त्यांची नावं ठरवा. भात लावणीच्या दिवसांत ती चौघं कुठल्या शेतात असतील तेही.

आता पावसाचं. जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरत असतील तर तुमचा हिशेब वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापूरकरांना पाठ असतात, पण गगनबावडा रस्त्यावर त्याच्या आधीच ठिकठिकाणी पाणी येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता. पाणी चढताना बातम्या बघत बसू नका. तारखेच्या दोन आठवडे आधीच बाईला पाण्याच्या अलीकडं, म्हणजे दवाखान्याच्या बाजूला, शहरातल्या नातेवाइकाकडं किंवा दवाखान्याजवळ आणून ठेवा. आशाताई आणि आरोग्य केंद्राकडं पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या बायकांची यादी असते. तुमचं नाव त्यात आहे का, हे विचारून घ्या.

ऊसतोडीला आलेल्या जोडप्यांबद्दल दोन शब्द, कारण हंगामात ही माणसं आपल्याच शिवारात असतात आणि कुणाच्याच यादीत नसतात. बीडकडून आलेल्या बाईचं कार्ड गावाकडं, तपासणी अर्धवट, आणि सहाव्या-सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी. तुमच्या उसात टोळी उतरली असेल आणि त्यात गरोदर बाई दिसली तर जवळच्या आशाताईंना एक फोन करा. कार्ड नसलं तरी तपासणी आणि बाळंतपण इथं होतं, अडत नाही. मुकादमाला विचारण्याची गरज नाही.

कळा सुरू झाल्यावर

काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, ते आधी. कळा वाढाव्यात म्हणून गावातल्या कुणाकडूनही घरात इंजेक्शन घेऊ नका. त्यानं गर्भाशय फाटू शकतं आणि तशी बाई वाटेतच जाते. पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलू देऊ नका. पाणमोट फुटून बराच वेळ झाला आणि कळा नाहीत, पाणी हिरवट आहे, रक्त जातंय, बाळ हलत नाही, यातलं काही असेल तर कळांची वाट न बघता निघा. ताप असेल तरी.

झटके आले तर तो देवीचा कोप नाही आणि बाहेरची बाधाही नाही. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, दातांत चमचा घालू नका, देवऋषाकडं तर मुळीच नको. डाव्या कुशीवर वळवा, तोंडातला फेस बाहेर वाहू द्या, आणि गाडीत घाला. जवळच्या आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं. पुढं पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम देतात. दुखतं फार, पण ते घेऊनच पुढं जा. बीपी वाढलेल्या दहा हजारांहून जास्त बायकांवर तेहतीस देशांत झालेला अभ्यास २००२ मध्ये आला, त्यात या साध्या आणि स्वस्त औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला होता.

बाळ झाल्यावरचे दोन तास

सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथलं, कारण इथंच सगळे गाफील असतात. बाळ रडलं, मुलगा की मुलगी कळलं, बाहेर पेढ्यांची ऑर्डर गेली, मोबाइलवर फोटो सुरू. आणि आत बाई.

पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त फिरत असतं. वार सुटली की त्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद करायला टाके नसतात. गर्भाशयाचा स्नायूच आवळून त्यांना पिळून बंद करतो. कळा फार वेळ चालल्या, जुळी होती, लघवीनं भरलेली पिशवी मध्ये आली, वारेचा तुकडा आत राहिला, तर तो स्नायू सैल पडतो. म्हणून बाळ झाल्याच्या मिनिटभरात सिस्टर मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देते, आणि नंतर दर पंधरा मिनिटांनी पोट दाबून बघते. बाईला ते आवडत नाही. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, झोपू द्या की तिला जरा." झोपू देऊ नका. बेंबीच्या खाली हात ठेवला तर गोळा करवंटीसारखा कडक लागला पाहिजे. तो मऊ लागला तर चोळून कडक करायचा असतो. जवळ थांबणाऱ्या आईनं किंवा नणंदेनं सिस्टरकडून तो हातानं बघून घ्यावा: कडक कसा लागतो, मऊ कसा लागतो. एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

बाईला लघवीला न्या किंवा तिथंच करू द्या. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्या, त्यानंही गर्भाशय आवळतं.

रक्त किती गेलं हे नजरेनं कळत नाही. सुती चादर, साडीचा तुकडा, खालची गादी हे सगळं रक्त पिऊन घेतं आणि डोळ्याला निम्मंच दिसतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानियातल्या ८० रुग्णालयांत बाईच्या खाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं आणि जास्त दिसताच सगळे उपचार एकदम सुरू केले. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी कमी झाला होता. नवीन औषध एकही नव्हतं. आपल्या वॉर्डात तशी पिशवी नसली तरी तुम्ही एक करू शकता: पॅड लावल्याची वेळ बघा. पाच मिनिटांत पॅड पूर्ण भिजलं तर सिस्टरना हाका मारा, मोठ्यानं. बाई पांढरी पडली, घाम फुटला, तहान तहान करते, अस्वस्थ होऊन उठून बसायला बघते, उगाच जांभया देते, तर पॅड कोरडं असलं तरी हाका मारा. रक्त आत साठत असेल.

अशा वेळी वॉर्डात धावपळ होते. दोन्ही हातांना सलाईन, पोट चोळणं, ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं इंजेक्शन, जे तीन तासांच्या आत दिलं तरच कामाचं. सिस्टरनं घाईत कंडोमचं पाकीट मागितलं तर गैरसमज करून घेऊ नका. कंडोम कॅथेटरला, म्हणजे रबरी नळीला बांधून, आत सलाईन भरून, गर्भाशयातून दाब देतात. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी ही युक्ती काढली आणि ती गरीब देशांतल्या कितीतरी दवाखान्यांत पोहोचली. तुम्ही त्या वेळी दारात गर्दी करू नका. एक जण सिस्टरजवळ, एक जण रक्ताच्या चिठ्ठीसाठी, एक जण गाडीपाशी. भांडण नंतर करा, हक्क आहे तुमचा, पण नंतर.

पुढं पाठवलं तर

"रेफर" म्हटलं की लोक दोन चुका करतात. एक तर रागानं खासगी गाडी करून भलत्याच दवाखान्यात नेतात. तिथून तिसऱ्या ठिकाणी पाठवतात. माझ्या माहितीतल्या एका बाईला अशी तीन दारं दाखवली गेली. शेवटच्या दारात सगळं होतं, फक्त वेळ उरली नव्हती. दुसरी चूक, वाटेत घरी थांबून कपडे आणि पैसे घेतात. थांबू नका.

निघण्याआधी तीन गोष्टी मागा. चिठ्ठी, ज्यावर काय दिलं आणि किती वाजता दिलं हे लिहिलेलं असेल. पुढच्या दवाखान्यात फोन केलाय का, आणि कुणाशी बोलणं झालं. सलाईन चालू आहे का आणि बरोबर सिस्टर येणार का. गाडीत बाईला डाव्या कुशीवर, पांघरूण घालून, पाय थोडे वर करून झोपवा. बरोबर रक्त देऊ शकणारी माणसं न्या, रडणारी नंतर येतील.

घरी आल्यावर

साधं बाळंतपण झालं तरी ४८ तास दवाखान्यात थांबा. दुसऱ्याच सकाळी "घरी बाजेवर बरं वाटतंय तिला" म्हणून नेतात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि सासरचं कार्ड सासरीच राहतं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. दोन्ही गावांच्या आशाताईंचे नंबर घ्या, दोघींना कळवा. बाळाला बघायला आशाताई येते तेव्हा आईलाही विचारायला लावा: रक्त किती जातंय, वास येतो का, ताप आहे का, लघवीला जळजळतं का.

पाणी कमी द्यायचं, पोटरी गार लागू द्यायची नाही, शेगडी, धुरी, हे घरोघरी चालतं. धुरी सौम्य असेल तर त्यावरून मी कधी भांडले नाही. पाण्यावरून मात्र भांडले. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर मालिश न करता दवाखाना.

ताप हा सगळ्यात फसवा. आठव्या-दहाव्या दिवशी अंग तापतं, घरातले म्हणतात दूध भरलं असेल, मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणतात, दोन दिवस जातात. ओटीपोटात दुखत असेल, अंगावरून घाण वासाचं जात असेल, थंडी वाजत असेल तर त्याच दिवशी न्या. आणि तिथं गेल्यावर केसपेपर काढताना ताप-खोकला सांगू नका, नाहीतर साध्या ओपीडीच्या रांगेत उभं राहाल. पहिलं वाक्य एवढंच सांगा: ही बाळंत होऊन दहा दिवस झालेत.